हॅनकॉकचा १९७३ चा ऱ्होड्स: 'हेड हंटर्स'मधला तो इलेक्ट्रिक पियानो घरच्या सामानात कसा काढायचा?

कोमलनिषाद · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या 'हेड हंटर्स' या अल्बममधला ऱ्होड्स (इलेक्ट्रिक पियानो) काढायचा प्रयत्न चालू आहे. पुढच्या महिन्यात आमच्या बँडचा पुण्यात कार्यक्रम आहे, त्यात त्याच अल्बममधलं 'कमीलियन' घेतोय. साडेपंधरा मिनिटांच्या त्या ट्रॅकमध्ये सिंथचा सोलो संपतो, खालची लय बदलते आणि मग ऱ्होड्स मोकळा सुटतो. मला तो भाग हवा आहे. हळू वाजवलं की घंटेसारखा गोल, जोरात मारलं की गुरगुरणारा, आणि हे दोन्ही एकाच ओळीत.

माझ्याकडे ७३ पट्ट्यांचा वेटेड कंट्रोलर, लॅपटॉप आणि आर्टुरियाचं स्टेज-७३ हे ऱ्होड्सची नक्कल करणारं प्लगइन (सॉफ्टवेअर) आहे. त्यावर फेझर, कोरस, थोडा रिव्हर्ब. एकटा वाजवताना सुरेख वाटतं. बेस आणि ड्रम्स आले की पियानो गुळगुळीत होऊन मागे जातो. वर काढला की सगळ्यांच्या अंगावर येतो. इफेक्टची साखळी कशी लावावी?

---

टेपहिस · मंगळवार, सकाळी ७:०५

आधी सगळे इफेक्ट बंद करा. फेझर, कोरस, रिव्हर्ब, सगळे. कोरडा पियानो वाजवून बघा. तो कोरडा वाजवताना मजा येत नसेल तर वरून काहीही ओतून उपयोग नाही.

दुसरं, त्या तबकडीवर नक्की कोणतं वाद्य काय वाजवतंय ते वेगळं करून ऐका. हॅनकॉकने त्यावर फेंडर ऱ्होड्स, होनरचा डी-६ क्लॅव्हिनेट आणि एआरपी कंपनीचे ओडिसी व सोलोइस्ट हे सिंथ वाजवले आहेत. 'कमीलियन'ची सुरुवातीची ती प्रसिद्ध बेसलाईन म्हणजे ओडिसी. सबंध तबकडीवर गिटारवादक नाही. गिटारने करावं असं खरडल्यासारखं, तुटक तालाचं काम बऱ्याच ठिकाणी क्लॅव्हिनेट करतो. पुष्कळ जण ते ऱ्होड्सवर काढायला जातात आणि मग ऱ्होड्स पुरेसा 'फंकी' वाजत नाही म्हणतात. क्लॅव्हिनेटमध्ये ताणलेल्या तारा असतात, ऱ्होड्समध्ये पोलादी काड्या. दोघांचा स्वभावच वेगळा.

---

तेरावाकॉर्ड · मंगळवार, सकाळी ९:३०

फेझर काढायला सांगताय ते पटलं नाही. सत्तरच्या दशकातला ऱ्होड्स म्हटला की फिरणारा, ओलसर आवाजच डोळ्यांपुढे येतो. बिली जोएलचं 'जस्ट द वे यू आर' ऐका. फेझर काढला तर त्या पियानोत काय उरतं?

---

टेपहिस · मंगळवार, सकाळी ९:५२

ते गाणं १९७७ चं आहे. 'हेड हंटर्स' १९७३ च्या शरद ऋतूत आली. आज सगळे ज्याची नक्कल करतात तो एमएक्सआरचा फेझ नाईन्टी १९७४ मध्ये बाजारात आला. त्याआधी फेझर नव्हतेच असं नाही, माएस्ट्रोचा होता, युनिव्हाइब होता. आणि हॅनकॉकनेही आधीच्या 'म्वांडिशी' बँडच्या काळात ऱ्होड्सवर वा-वा आणि एकोप्लेक्स (टेपवरचा प्रतिध्वनी) हे इफेक्ट भरपूर वापरले. पण कोमलनिषाद ज्या सोलोबद्दल विचारतोय त्यात कानाला जे पकडतं ती हातोडीची धार आहे. फेझर मधल्या कंपनसंख्यांना आळीपाळीने खड्डे पाडतो, आणि बार्क (जोरात मारल्यावरची ती गुरगुर) नेमका तिथेच राहतो. त्याला बँडमध्ये पियानो 'मागे जातोय' असं का वाटतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

---

तेरावाकॉर्ड · मंगळवार, सकाळी १०:१०

हे वर्षांचं गणित मान्य. १९७७ चा आवाज १९७३ च्या गाण्यावर नको. पण स्लो बॅलडला मी फेझर लावणारच :)

---

एडिसनकर · मंगळवार, सायंकाळी ६:२०

माझ्या तळघरात १९७६ चा खरा ऱ्होड्स, स्टेज ७३ मॉडेल, आहे. इथे न्यू जर्सीत एका चर्चने काढून टाकला तेव्हा घेतला, वजन साठ किलोच्या आसपास, दोघांनी उचलूनही घाम निघतो. गेली काही वर्षं त्याची देखभाल मीच करतो. त्यामुळे आतून काय घडतं ते सांगतो, म्हणजे प्लगइनमधली कुठली कळ कशासाठी आहे ते कळेल.

पट्टी दाबली की नीओप्रीनच्या टोकाची हातोडी एका बारीक पोलादी काडीवर आदळते. ती काडी म्हणजे टाइन. टाइनच्या वर जाड टोनबार असतो. दोघं मिळून चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क होतो, फक्त त्याचा एक पाय बारीक आणि एक जाड. टाइनच्या टोकासमोर लोहचुंबकाचा पिकअप असतो. आवाज तिथे तयार होतो, हवेत जवळजवळ काहीच नाही. माझा पियानो ॲम्प्लिफायरशिवाय वाजवला तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही.

आता मुख्य गोष्ट. टाइनचं टोक पिकअपच्या बरोबर मध्यावर ठेवलं तर काय होतं? झोपाळा एका हेलकाव्यात मधल्या खुणेवरून दोनदा जातो, तसं टोकही एका कंपनात पिकअपच्या मध्यावरून दोनदा जातं. त्यामुळे पिकअपला मूळ स्वराच्या दुप्पट कंपनं मिळतात आणि वरच्या सप्तकाचा स्वर पुढे येतो. आवाज काचेसारखा, पोकळ. टोनबार ज्या दोन स्क्रूंवर बसलेला असतो त्यातला एक जरासा फिरवून टाइन मध्यापासून थोडी वर नेली की मूळ स्वर परत येतो आणि आवाज भरतो. फार वर नेली की नुसता मऊ गोलवा राहतो, चावा जातो. त्या दोन टोकांच्या मध्ये एक जागा असते: हळू वाजवलं तर मूळ स्वर, जोरात वाजवलं तर वरचे स्वर उसळतात. तुम्ही शोधताय ती जागा हीच.

दुसरी गोष्ट अंतर. पिकअप टाइनच्या जवळ आणला की जोराच्या फटक्याला टोक पिकअपच्या सगळ्यात तीव्र क्षेत्राच्या बाहेर जाऊन परत येतं, लहरीचा आकार मोडतो आणि गुरगुर निघते. एक-दोन मिलिमीटरचा खेळ आहे सगळा. मी रविवारी दुपारी मधल्या दोन सप्तकांचं हे काम करायला बसलो की संध्याकाळ होते.

म्हणून लक्षात घ्या, ही गुरगुर ॲम्पमधून किंवा डिस्टॉर्शन पेडलमधून येत नाही. ती पियानोतूनच येते. ॲम्प तिला खरखरीत करतो एवढंच.

---

कोमलनिषाद · मंगळवार, रात्री १०:१५

काका, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. आता प्लगइनमध्ये पिकअपचं अंतर आणि पिकअपची उंची अशा कळा दिसतात त्यांचा अर्थ लागला. मग अंतर कमीत कमी करून टाकू का?

---

टेपहिस · मंगळवार, रात्री १०:४०

नाही. अगदी जवळ नेलं तर हळू वाजवलेलाही स्वर गुरगुरतो आणि मग फरकच उरत नाही. सगळी मजा फरकात आहे.

असं करा. मधला सी आणि त्याच्या खालचं सप्तक घ्या. एकच स्वर हळू, मध्यम, जोरात असा वाजवत राहा आणि अंतर हळूहळू कमी करा. मध्यम फटक्याला स्वच्छ आणि जोराच्या फटक्याला दात दिसतात अशी जागा आली की थांबा. मग उंचीची कळ. पोकळ वाटतंय तोवर सरकवा, भरलं की थांबा. त्यानंतर हातोडीच्या टोकाचा कठीणपणा. इथे मोह आवरा. फार कठीण टोक केलं की ऐंशीच्या दशकातला टिणटिणीत घंटीचा आवाज येतो, जो पुढे डायनो-माय-पियानो पद्धतीच्या बदलांनी लोकप्रिय झाला आणि त्यानंतर यामाहाच्या डीएक्स-७ ने घरोघर नेला. सुंदर आहे, पण १९७३ नाही.

आणि तुमच्या कंट्रोलरचा व्हेलॉसिटी कर्व्ह (पट्टी किती जोरात दाबली की किती आकडा जायचा ते ठरवणारी सेटिंग) तपासा. माझा अनुभव असा की बहुतेक घरगुती मांडणीत गडबड इथेच असते. कॉम्पिंग (साथीचे कॉर्ड) करताना तुमचे आकडे कुठे पडतात ते डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) बघा. साधे कॉर्ड ६० ते ८५ च्या दरम्यान आणि ठोसा ११० च्या वर गेला पाहिजे. सगळंच ९५ ते १०५ मध्ये पडत असेल तर प्लगइन बिचारा एकच रंग दाखवणार.

---

पेटीमास्तर · बुधवार, सकाळी ८:००

मी व्यवसायाने हार्मोनियम दुरुस्त करतो, जॅझ फार ऐकलेला नाही. पण हा धागा वाचून एक विचारतो. आमच्या एका ग्राहकाकडे वुर्लिट्झरचा इलेक्ट्रिक पियानो पाहिला होता, त्यात सूर (धातूच्या जिभा, रीड) होते. ऱ्होड्समध्येही तसेच असतात का?

---

एडिसनकर · बुधवार, सकाळी ८:४५

मास्तर, तुम्ही इथे आलात याचा आनंद झाला. नाही, सूर वुर्लिट्झरमध्ये. त्यात पोलादाची चपटी जीभ असते आणि हातोडी तिच्यावर बसते. तुमच्या पेटीतला सूर हवेने हलतो, वुर्लिट्झरमधला फटक्याने हलतो. पिकअपही चुंबकीय नाही, स्थिरविद्युत आहे. तिथे जिभेच्या टोकाला शिशाच्या डाकाचा थेंब असतो. तो कानसला की सूर चढतो, थेंब वाढवला की उतरतो.

ऱ्होड्समध्ये टाइनवर एक छोटी स्प्रिंग गुंडाळलेली असते. ती टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, मुळाकडे सरकवली की चढतो. कानस लागत नाही, धातू कमी होत नाही, म्हणून कितीही वेळा जुळवा. वुर्लिट्झर लवकर भुंकतो, मधल्या पट्टीत जास्त दाट आहे. रे चार्ल्सचं १९५९ चं 'व्हॉट्ड आय से' म्हणजे वुर्लिट्झर.

---

पेटीमास्तर · बुधवार, सकाळी ९:१०

टोकाला घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, हे आमच्याकडेही अगदी तसंच. मुंबईच्या पावसाळ्यात पोलाद किती टिकतं ते मात्र त्या काड्यांच्या मालकाने बघावं. आमचे सूर पितळेचे म्हणून निभावतं.

---

तेरावाकॉर्ड · बुधवार, दुपारी २:३०

आवाजावर खूप बोललो, आता बोटांवर बोलू या. कोमलनिषाद, तू कॉर्ड कसे धरतोयस? आवाज मागे जाण्याचं उरलेलं निम्मं कारण तिथे असेल अशी मला खात्री आहे.

'कमीलियन'च्या मुख्य भागात दोनच कॉर्ड आहेत, बी फ्लॅट मायनर आणि ई फ्लॅट सेव्हन्थ. बी फ्लॅटला सा मान. गांधार कोमल, निषाद कोमल, धैवत शुद्ध. म्हणजे सरळ काफी थाट. तू डाव्या हाताने सा आणि प दाबून उजव्याने वर कॉर्ड धरत असशील तर सोड ते. सा बेसकडे आहे, त्याला त्याचं काम करू दे.

डावा हात असा ठेव: डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट, आणि करंगळीपासून मोजत अंगठ्याखाली मधला सी. सरगममध्ये कोमल ग, प, कोमल नि, वरचा रे. हा झाला बी फ्लॅट मायनर नाइन्थ, सा न वाजवता. आता दुसऱ्या कॉर्डला जाताना फक्त एक बोट हलव. ए फ्लॅटचा जी कर, म्हणजे कोमल निषादावरून शुद्ध धैवतावर उतर. बाकी तीन बोटं जागची हलत नाहीत. हा झाला ई फ्लॅट थर्टीन्थ. (माझं नाव इथून आलंय.)

आता हेच चार स्वर मधल्या सीच्या खालच्या सप्तकात आहेत. एडिसनकर काकांनी सांगितलेली गुरगुर जिथे सगळ्यात छान निघते तोच हा पट्टा. आणि मधल्या दोन स्वरांमध्ये जी घासाघीस आहे, एफ आणि जी शेजारी शेजारी, ती ऱ्होड्सवर जोरात मारली की जे काही वाजतं ना! हा कॉर्ड मी तासन्‌तास नुसता वाजवू शकतो.

वाजवताना कॉर्ड धरून ठेवू नकोस. मार आणि सोड. पेडलवरून पाय काढ. पट्टी सोडल्यावर डॅम्पर टाइनवर बसतो त्याचा बारीक ठक आवाजही तालाचा भाग आहे, प्लगइनमध्ये तो आवाज शून्यावर नेला असशील तर परत थोडा आण.

---

कोमलनिषाद · गुरुवार, रात्री ११:२५

आज तालमीत सगळं लावून बघितलं. इफेक्ट शून्य, पिकअप जवळ, कर्व्ह बदलला, सा सोडला, पेडल सोडलं. एका बोटाची ती हालचाल वाजवली तेव्हा ड्रमरने वाजवता वाजवता मान वर करून बघितलं. पियानोचा आवाज आधीपेक्षा खाली आहे आणि तरी जास्त ऐकू येतोय.

एकच राहिलं. रेकॉर्डिंग घरी ऐकलं तर खालच्या बाजूला अजून गढूळ आहे, आणि वरच्या बाजूला एक प्लास्टिकसारखी चकाकी आहे जी तबकडीवर नाही.

---

एडिसनकर · शुक्रवार, पहाटे ४:५० (तुमच्याकडची)

चकाकी स्पीकरमुळे. तुम्ही पियानो थेट ऐकताय. स्टेज मॉडेलला स्वतःचा स्पीकर नसतो, लोक तो बहुधा फेंडर ट्विन रिव्हर्बला लावत. ८५ वॉटचा ॲम्प, १२ इंची दोन स्पीकर. असे गिटारचे स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतात. म्हणून तुमच्या प्लगइनमध्ये ट्विनसारखा ॲम्प चालू करा, किंवा निदान कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या आवाजाची टिपलेली छाप) लावा. चकाकी आपोआप जाईल, ईक्यूने कापत बसावं लागणार नाही.

ॲम्पवर बेस २-३, मिडल ६-७, ट्रेबल ५ पासून सुरुवात करा. या ॲम्पचा स्वभाव मधला भाग खाली दाबायचा आहे, म्हणून मिडल वर. व्हॉल्यूम असा की साधा कॉर्ड स्वच्छ आणि सगळ्यात जोराचा ठोसा किंचित फाटतो.

गढूळपणासाठी: ९०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. मग २५०-३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी. बेसगिटारचा देह आणि ऱ्होड्सचा देह तिथे एकमेकांवर बसतात. प्लगइनमध्ये बेस बूस्टची कळ असेल तर ती मिटवा. स्टेजच्या पॅनेलवर व्हॉल्यूम आणि बेस बूस्ट एवढ्या दोनच कळा असतात, बँडमध्ये वाजवताना दुसरीला मी क्वचित हात लावतो.

---

टेपहिस · शुक्रवार, सकाळी ८:१५

काकांच्या उत्तराला जोडून: कॉम्प्रेसर (जोराचे आवाज दाबणारा इफेक्ट) लावलात तर ॲटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांच्या पुढे ठेवा. हातोडीचा पहिला फटका जसाच्या तसा गेला पाहिजे. ॲटॅक लवकरचा ठेवला की जे इतक्या कष्टाने मिळवलं तेच दाबलं जातं.

थोडं अवांतर. हॅनकॉकच्या हाती हे वाद्य ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसमुळे आलं. १९६८ च्या 'माइल्स इन द स्काय' या अल्बमच्या वेळी माइल्सने त्याला स्टुडिओतला इलेक्ट्रिक पियानो वाजवायला लावला. पाच वर्षांत त्याने त्या वाद्याचा इतका कस काढला याचं मला आश्चर्य वाटत नाही, कारण ग्रिनेल कॉलेजात तो संगीताबरोबर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगही शिकला होता. यंत्र उघडून बघणारा माणूस.

आणि मूळ कल्पना त्याहून जुनी. हॅरॉल्ड ऱ्होड्स दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना पियानो शिकवायचा. अंथरुणात पडलेल्या माणसाला मांडीवर घेता यावा म्हणून त्याने बी-१७ विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून २९ पट्ट्यांचा लहान पियानो बनवला. विमानाच्या भंगारातून एखाद्या आजाऱ्यासाठी वाद्य निघावं, आणि त्याच माणसाने पुढे हे घडवावं, हे मला फार मोठं वाटतं.

---

सोलापूरबीट · शुक्रवार, दुपारी १:०५

वाचनखूण साठवली. विकत प्लगइन घ्यायची सध्या ऐपत नाही. फुकटात काही बरं आहे का?

---

तेरावाकॉर्ड · शुक्रवार, दुपारी १:३०

जे-ऱ्होड्स-३ शोध. मार्क वन ऱ्होड्सचे सॅम्पल आहेत, मोफत, आणि वेगवेगळ्या जोराचे थर नीट घेतलेले. त्यात पिकअप सरकवता येणार नाही, पण कर्व्ह, स्पीकर आणि ईक्यूचं वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. कोणत्याही मोफत ॲम्प सिम्युलेटरमधून काढ. त्यावर जे शिकशील ते उद्या महाग प्लगइनवर तसंच चालेल.

---

कोमलनिषाद · शनिवार, रात्री ९:५०

ट्विन लावला, खाली कापलं. बसलं. बेसवाला म्हणाला की आता त्याला स्वतःचं ऐकू येतंय.

शेवटचा प्रश्न. सोलोच्या वेळी ऱ्होड्सच्या सूटकेस मॉडेलसारखा (ज्याला स्वतःचे स्पीकर असतात) डावी-उजवीकडे फिरणारा व्हायब्रेटो थोडासा लावायचा विचार आहे. हेडफोनवर अप्रतिम वाटतो. कार्यक्रमाच्या हॉलमधली ध्वनिव्यवस्था मोनो आहे असं कळलं. चालेल ना?

---

एडिसनकर · रविवार, सकाळी ७:१०

नाही चालणार. सूटकेसच्या पॅनेलवर व्हायब्रेटो लिहिलं असलं तरी तिथे स्वर हलत नाही, आवाज एका बाजूच्या स्पीकरांतून दुसरीकडे जातो. डावीकडे कमी होतो तेवढाच उजवीकडे वाढतो. दोन्ही एकत्र करून मोनोत घातलं की बेरीज सारखीच राहते आणि हालचाल जवळपास नाहीशी होते. तुम्ही मंचावर कानात ऐकाल आणि खुश व्हाल, लोकांना सपाट पियानो ऐकू येईल.

हालचाल हवीच असेल तर मोनो ट्रेमोलो घ्या, खोली कमी, वेग असा की बारच्या ठेक्याशी भांडणार नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर सोलो कोरडाच वाजवला असता. ध्वनिवाल्याला एकच गोष्ट सांगा, पियानोच्या चॅनलवर त्याने स्वतःहून रिव्हर्ब टाकू नये. आणि लॅपटॉपमधून निघणारी वायर डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) द्या.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळालं तर इथे टाका.

---

कोमलनिषाद · रविवार, सकाळी ७:३०

कोरडाच वाजवतो काका. रेकॉर्डिंग नक्की टाकतो.